राउटरची संहिता

घरच्या ब्रॉडबँड राउटरवर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे मुक्त फर्मवेअर चढवण्याचा उद्योग साहित्याच्या अध्यापकाने का करावा? कारण साधे होते. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले होते. यंत्र धडधाकट, पण त्याची संहिता पोरकी झालेली.

फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली तर राउटर निकामी होऊ शकतो. म्हणून तो इन्व्हर्टरवर जोडला आणि केबलने संगणकाला लावला. नवी प्रणाली १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडली. वायफाय बंद, पासवर्ड कोरा. मग पीपीपीओईचे नाव, डीएनएस, वायफायची कूटपद्धती... आजवर आयते मिळालेले निर्णय एकेक करून हाती आले.

या मोकळिकीमागे परवान्याचे एक कलम आहे. लिंक्सिसच्या ‘डब्ल्यूआरटी५४जी’ राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ साली उघड झाले. जीपीएल परवान्यानुसार कंपनीला त्याची मूळ संहिता खुली करावी लागली. तिच्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. नावातली अक्षरेही तिथलीच.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी ओवी घालू नये, असे बजावले. जीपीएलची शिस्त उलटी: खुशाल भर घाला, पण बदललेला पाठ दुसऱ्याला द्याल तेव्हा त्याची संहिताही द्या. काव्यग्रंथाला पहिली मर्यादा शोभते. घरातला सारा पत्रव्यवहार ज्या पेटीतून जातो, तिची संहिता मात्र वाचता आणि दुरुस्त करता आलीच पाहिजे.