दोन कोटांचं देणं

संध्याकाळी सव्वासहाला बिलिंगमधून फोन आला, चालू वर्षाची बिलं दिसत नाहीत म्हणून. मी ट्रेनी. ती मीच उडवली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

टेपवर चढलेल्या जुन्या डिरेक्टऱ्या सर्व्हरवरून काढायची स्क्रिप्ट मी आदल्या दिवशी लिहिली होती. चालवताना नाव नीट कोटात दिलं होतं: "बिल्स 2001". आत लूप मात्र नुसत्या $* वर. शेलने मधल्या स्पेसवर नावाचे दोन तुकडे केले. ‘2001’ नावाचं तिथे काही नव्हतंच. ‘बिल्स’ होतं, चालू वर्षाचं. आरएम -आरएफ अशा वेळी कुरकुरतसुद्धा नाही.

काका (खात्यात सगळेच त्यांना काका म्हणत) रात्री थांबले. आदल्या रात्रीच्या टेपवरून बिलं परत आणली. त्या दिवसाची कार्बन कॉप्या बघून पुन्हा टाइप केली, निम्मी त्यांनी. सकाळी साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "स्क्रिप्ट मी बघून दिली होती." बघितली नव्हती. मी शेजारी उभा होतो, गप्प. ते अजून सलतं.

मला ओरडले नाहीत. दुपारी आपला चार कप्प्यांचा डबा टेबलावर मांडला. "हे बघ. कोटात $* लिहिलंस की वरण, भात, भाजी, पोळी सगळं एकाच पातेल्यात. कोट नसतील तर $* काय नि $@ काय, पोळीचेही तुकडे. आणि कोटात $@ लिहिलंस की कप्पा आहे तसा पुढे जातो. रिकामा असला तरी." मग भाजी माझ्याकडे सरकवली. कारल्याची होती, पण त्या दिवशी नाही म्हणायची सोय नव्हती.

पुढे गेटऑप्ट्स शिकवलं ते त्याच स्क्रिप्टवर. मला -एन हा ऑप्शन घालायला लावला: काय काय पुसणार ते छापायचं, पुसायचं काही नाही. "आधी बोलून दाखव, मग कर." मी गेटऑप्ट्सच्या लूपनंतर शिफ्ट विसरलो, तर स्क्रिप्ट -एनलाच डिरेक्टरी समजून ‘-एन पुसणार’ असं छापू लागली. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ऑप्टइंडमधून एक वजा करून तेवढं शिफ्ट, हे तेव्हापासून हाताला लागलंय. आरएमच्या पुढे दोन डॅश टाकायची सवयही त्यांचीच. डॅशने सुरू होणारं नाव आलं तरी ते ऑप्शन समजलं जात नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या स्क्रिप्टांची डिरेक्टरी माझ्या नावावर आली. सर्वांत जुनी फाइल उघडली. कोटातल्या $@ च्या वर एक कॉमेंट होती, रोमन लिपीतल्या मराठीत: ‘इथे मी एकदा अख्ख्या कारखान्याचा पगार उडवलाय. कोट काढू नये.’