खारं, गोडं आणि मिसळलेलं

वसईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, लातूरच्या दुपटीहून अधिक. जुलैत तुंगारेश्वरचे ओढे दुथडी भरून वाहतात, गोखिवऱ्याच्या रस्त्यांवर पाणी साचतं, आणि होळी पेटली की त्याच रस्त्यांवर टँकरची ये-जा सुरू होते. इथल्या टंचाईची आणेवारी कुणी काढत नाही. काढणार कशाची? शेतं गेली, तिथे गाळे आणि इमारती आल्या. आभाळाकडे बोट दाखवायची सोयही आपल्याला उरलेली नाही, एवढं आधी वहीत नोंदवून ठेवते.

*

नळाला येतं ते प्रामुख्यानं सूर्या नदीचं पाणी. धामणीच्या धरणातून सुटतं, कवडासच्या बंधाऱ्यावरून पुढे येतं, मासवणला उचलतात, धुकटणला शुद्ध करतात आणि मग नळातून ते वसई-विरारकडे निघतं. सूर्याच्या दोन टप्प्यांचं मिळून रोज 20 कोटी लिटर. उसगावचं 2 कोटी, पेल्हारचं 1 कोटी. 2023 च्या अखेरीस एमएमआरडीएच्या नव्या सूर्या योजनेचं पाणीही यायला लागलं. ती योजना रोज 403 दशलक्ष लिटरची, त्यात वसई-विरारचा वाटा 185 आणि मीरा-भाईंदरचा 218.

आकडे भरभक्कम आहेत. मासवणचा वीजपुरवठा खंडित झाला की त्यांचा अर्थ कळतो. मग ‘आज पाणी येणार नाही’ हा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आधी येतो आणि टँकरवाल्याचा नंबर त्याच्या मागोमाग.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. सूर्या प्रकल्प मुळात सिंचनाचा. डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीला पाणी मिळावं म्हणून धामणी बांधलं, त्यात आदिवासींची गावं उठली. ते पाणी शहरांकडे वळवायला तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. आपण बादली भरतो तेव्हा ती कुणाच्या कालव्यातून भरते, हे ठाऊक असलेलं बरं.

*

29 मे 2024. ससूनवघर, वर्सोव्याच्या खाडीजवळ. सूर्याच्या जलवाहिनीसाठी खोदलेल्या खड्ड्यात माती आणि काँक्रीट कोसळलं, पोकलेनसकट चालक गाडला गेला. एनडीआरएफ आलं, लष्कर आलं, शोध कित्येक आठवडे चालला.

*

पश्चिमेचा पट्टा वाळूचा. आगाशी, निर्मळ, नंदाखाल, गास. तिथे गोडं पाणी जमिनीखाली समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड. डच अभियंता बाडोन गायबेन यानं 1889 मध्ये आणि जर्मन हेर्झबर्ग यानं 1901 मध्ये याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फूट असतं. हा हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी फूटभर खाली नेली, की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला मोकळं.

वसईच्या बागायतदारांना हे सूत्र पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इमारती उभ्या राहू लागल्या, बागायतीतल्या विहिरींचं पाणी टँकरनं जाऊ लागलं, आणि राजेळी केळीच्या बागांना मचूळ पाणी मिळू लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती टँकर लॉबीविरुद्ध उभी राहिली ती यातून. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटोंना महाराष्ट्रानं पाहिलं. वसईनं त्यांना त्याच्या कितीतरी आधी, टँकरच्या समोर पाहिलं होतं. जुलै 2024 मध्ये ते गेले. टँकर चालूच आहेत, फक्त आता ते पूर्वेला जास्त दिसतात.

तिथली बावखलं पाहून यावीत. पावसाचं पाणी साठवून जमिनीत मुरवणारी, रहाटानं बागेला पाजणारी ही खोदीव तळी. बरीचशी भराव घालून बुजवली गेली. हल्ली काही गावांतली तरुण मंडळी गाळ काढून उरलेली वाचवताहेत. विलवणीकरणाचा इतका स्वस्त प्रकल्प मला दुसरा माहीत नाही: खारं पाणी गोडं करण्यापेक्षा गोड्याला खारं होऊ न देणं.

*

पूर्वेकडच्या गोखिवऱ्याची जमीन वेगळी. इथे खाली काळा कातळ. बोअर मारली तर भेगेत पाणी लागलं तर लागलं. शेजारी मात्र राजावलीची मिठागरं आणि खाडी, त्यामुळे लागलेलं पाणी गोडं निघेलच याची खात्री नाही. त्यावर औद्योगिक गाळे, आणि भोयदापाड्याला साऱ्या शहराच्या कचऱ्याचा डोंगर. कचऱ्यातून झिरपणारं पाणी कुठे मुरतं, याचं उत्तर बोअरवाल्याकडे नसतं. त्याचा दर फुटावर, पाण्याच्या गुणावर नाही.

बोअरचं पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाणे सोडत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पाहुणा चहाचा घोट घेतो आणि काही बोलत नाही.

*

‘उकळून प्या’ हे डॉक्टरांचं सांगणं जंतूंसाठी आहे, खारेपणासाठी नव्हे. मचूळ पाणी उकळलं तर वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. गॅसवरचं पातेलं म्हणजे राजावलीचं छोटं मिठागरच. जितकं आटवाल तितकं खारट.

हे साधं वाटतं, पण घरोघरी गल्लत इथेच होते. तुरटी गाळ खाली बसवते. कॅण्डलचा फिल्टर माती आणि थोडे जंतू अडवतो. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, तोही पाणी स्वच्छ असेल तरच. गढूळ पाण्यात त्याचा प्रकाश आत पोचत नाही. मेडिक्लोरचे थेंब किंवा टीसीएल पावडर जंतूंसाठी. यातलं एकही मीठ काढत नाही. मीठ काढतो तो आरओ. म्हणजे आधी आपल्या पाण्याचं दुखणं कळायला हवं. आपण उपकरण आधी घेतो, तेही शेजारच्या घरात कुठलं आहे ते विचारून.

*

पाणी गाळायच्या फडक्यालाही हसू नये. महाराष्ट्रात नारूनं किती पाय सडवले ते जुन्या माणसांना विचारा. पायविहिरीत उतरून पाणी भरायचं, पाण्यातल्या बारीकशा सायक्लॉप्समधून नारूचं बाळरूप पोटात जायचं, आणि वर्षभरानं पायाच्या फोडातून हातभर लांब कृमी बाहेर यायचा. औषध नव्हतं, लस नव्हती. उपाय एवढाच: दाट विणीच्या कापडानं पाणी गाळा, पायविहिरीत कुणाला उतरू देऊ नका. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

बांगलादेशात रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी साडीच्या जुन्या कापडाचा असाच प्रयोग केला. कापड अनेक पदरी दुमडून गाळलेलं पाणी प्यायलेल्या गावांत पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. जुनी साडी नवीपेक्षा सरस ठरली, कारण धुऊन धुऊन धागे फुगतात आणि भोकं लहान होतात.

*

आरओचा विक्रेता आला होता. टाय, बॅग, आणि आल्या आल्या “काकी, तुमच्या नळाचं एक ग्लास पाणी द्या ना.” दोन ग्लास शेजारी ठेवले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हीत सळ्या बुडवून वीज सोडली. मिनिटभरात आमचा ग्लास तपकिरी, वर घाण तवंग. सून घाबरली. “हे तुम्ही रोज पिताय,” तो म्हणाला.

ती घाण पाण्यातली नव्हती. सळी लोखंडाची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंजाचा चोथा होतो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नसल्यानं वीजच नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. उत्तम झऱ्याचं पाणी ठेवलं असतं तरी तपकिरीच झालं असतं. मी म्हटलं, आता चिमूटभर मीठ तुझ्या ग्लासात टाक आणि पुन्हा दाखव. त्यानं सळ्या पुसून बॅगेत ठेवल्या.

*

आरओच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे, श्रीनिवास सौरीराजन. सिडनी लोब यांच्याबरोबर कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी 1960 च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा बनवला, की ज्यातून पाणी जाईल आणि मीठ अडेल, तेही उपयोगी पडेल इतक्या वेगानं. 1965 मध्ये कोअलिंगा या गावात त्यावर नगराचा पाणीपुरवठा सुरू झाला. कोअलिंगा समुद्रकाठी नाही. तिथलं जमिनीतलं पाणीच खारट होतं, आणि त्याआधी कित्येक वर्षं गावाला प्यायचं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून यायचं.

रेल्वेनं पाणी म्हटल्यावर लातूर आठवतंच. एप्रिल 2016. मांजरा धरण कोरडं, पाणवठ्यांवर जमावबंदी, आणि मिरजेहून निघालेली पहिली दहा वाघिणींची गाडी पाच लाख लिटर घेऊन पहाटे पोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या, पंचवीस लाख लिटरच्या. लातूरला समुद्र नाही, म्हणून तिथे विलवणीकरणाची चर्चा झाली नाही. ती होते मुंबईत.

*

मनोरी. आमच्यापासून खाडीपलीकडचंच म्हणायचं. तिथे मुंबई महापालिकेचा समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प, रोज 20 कोटी लिटरचा, पुढे 40 पर्यंत वाढवता येणारा. जून 2021 मध्ये करार झाला. नंतर निविदांच्या मुदती वाढत राहिल्या.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. ते पाणी पडद्यातून ढकलायला 55 ते 70 बार दाब लागतो आणि हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज. 20 कोटी लिटरचा गुणाकार केला तर रोज सहा ते आठ लाख युनिट. शिवाय घेतलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त, जवळजवळ दुप्पट खारट होऊन परत समुद्रात सोडायचं. ते मनोरी-गोराईच्या कोळ्यांच्या जाळ्याजवळच सोडणार ना?

मी विरोधात नाही. कवरत्तीसारख्या बेटाला दुसरा मार्गच नव्हता. तिथे 2005 पासून समुद्राच्या खोल थंड पाण्याचा वापर करून रोज लाखभर लिटर गोडं पाणी निघतं. चेन्नईनंही मिंजूर आणि नेम्मेलीला प्रकल्प उभारले. पण जिथे दोन हजार मिलिमीटर पाऊस गटारानं खाडीला जातो, तिथे तेच पाणी खाडीतून उचलून, वीज जाळून परत गोडं करायचं, याला माझी शेवटची पसंती. शंभर चौरस मीटर गच्चीवर दोन मीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर. आमच्या इमारतीच्या नकाशात पर्जन्यजल संधारण आहे. नकाशात.

*

आता घरातल्या भिंतीवरच्या यंत्राबद्दल. घरगुती आरओ हेही विलवणीकरणच, फक्त खर्च आपल्या खिशातून. जुन्या यंत्रात एक लिटर प्यायचं पाणी निघताना तीन लिटर सिंकमध्ये जातं. मे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं, की विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओवर बंदी घाला. भारतीय मानकातही 500 हीच इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात.

हे क्षार मोजणारं टीडीएसचं पेन ऑनलाइन मिळतं. आमच्या नळाखाली धरलं, सूर्याचं पाणी येत असताना, तर आकडा लहान. इमारतीच्या तळटाकीत बुडवलं तर कित्येक पट. कारण उघड आहे. सकाळी त्या टाकीत सूर्याचं पाणी पडतं, दुपारी टँकर रिकामा होतो, कमी पडलं तर रात्री बोअरचा पंप चालू. धामणीहून इतक्या लांबून आणलेल्या गोड्या पाण्यात आपणच गेटच्या आत मचूळ पाणी ओततो, आणि मग प्रत्येक घरात ते वेगळं करायला यंत्र बसवतो. वर त्या यंत्राचं सांडपाणी गटारात. याहून महाग वेडेपणा मला तरी माहीत नाही.

पेन फक्त क्षार मोजतं, जंतू नाही, रसायनं नाही. आकडा लहान म्हणजे पाणी निर्धोक, असं समजून तीर्थासारखं पिऊ नये. आरओच्या यंत्रात क्लोरीनही निघून जातो, म्हणून ते पाणी पिंपात चार दिवस ठेवणं धोक्याचं.

*

सोसायटीच्या वार्षिक सभेला जाल तेव्हा पार्किंगवरून भांडण सुरू व्हायच्या आधी एवढे विषय घ्या. महापालिकेच्या पाण्याची टाकी वेगळी करा. बोअर आणि टँकरचं पाणी दुसऱ्या टाकीत, दुसऱ्या लाईननं, फक्त संडास, धुणं आणि गाड्यांसाठी. टँकरवाल्याला विहीर कुठली ते विचारा आणि रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. टाकी वर्षातून दोनदा धुवा, पावसाळ्याआधी एकदा नक्की. ओटी टेस्टची बाटली आणून ठेवा. नळाच्या पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे, नाही आली तर वॉर्डात जाऊन विचारा. जागेची अडचण सांगतील, दुसरी टाकी बसत नाही म्हणतील. निदान मेमध्ये टँकर आला की त्याचा पाइप पिण्याच्या टाकीत सोडू देऊ नका.