आधी मीटर, मग सेकंद

रोइंग मशीनवर सुरुवात करायची तर वेळापत्रक कडकच हवं, असं माझं ठाम मत होतं. नोकरी, घर सांभाळून व्यायाम करणाऱ्याकडे वेळ थोडा; त्याने वीस मिनिटांत जोरकस फेऱ्या मारून मोकळं व्हावं. सावकाश लांब अंतर ओढण्यात वेळ कशाला घालवायचा? आज मी नवख्या माणसाला याच्या उलट सांगते.

मत फिरलं ते पडद्यावरच्या आकड्यांमुळे. ५०० मीटरला अडीच मिनिटं लागत असतील, तर आपण साधारण १०४ वॅट लावत असतो. तेच अंतर दोन मिनिटांत कापायचं तर २०३ वॅट लागतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मशीनच्या पंख्यातल्या हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एवढी ताकद काही आठवड्यांत येत नाही. ती नसताना वेग मागितला की तंत्र मोडतं. पाय पुरते ढकलून व्हायच्या आत हात वाकतात, पाठ घाईने मागे जाते, परतताना सीट धाडकन पुढे आपटते. मिनिटाला तीस स्ट्रोक मारताना यातलं काही सुधारता येत नाही. अठरा-वीसवर मात्र प्रत्येक टप्पा जाणवतो: आधी पाय, मग धड, मग हँडल बरगड्यांपाशी, येताना हात सरळ, धड पुढे, गुडघे सगळ्यात शेवटी. ढकलायला जेवढा वेळ, त्याच्या साधारण दुप्पट परतीला. (पंख्यात किती हवा शिरावी हे ठरवणारा खटका, म्हणजे डँपर, दहावर नेऊन शौर्य गाजवू नये, तीन ते पाच पुरतो.)

२००० मीटरची ओढ मला समजते. ऑलिंपिकची शर्यत तेवढ्याच अंतराची असते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओला याच अंतरासाठी उतरला होता. पण ती कसोटी आहे, आणि बरीचशी वेळापत्रकं त्या कसोटीच्या तयारीसाठी, आधीच वल्ही मारणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली असतात.

म्हणून आता कुणी विचारलं की मी पीट मार्स्टन यांचं नवशिक्यांसाठीचं २४ आठवड्यांचं वेळापत्रक सुचवते. आठवड्यातले तीन दिवस ठरलेले, दोन ऐच्छिक. मला त्यातलं हे 'ऐच्छिक' फार मोलाचं वाटतं. मुलाची परीक्षा, पाहुणे, कामाचा ताण यांत दोन दिवस बुडाले तरी वेळापत्रक मोडत नाही आणि माणूस मशीनपासून तुटत नाही. जोरकस फेऱ्या त्यातही आहेत, पण त्यांच्या दिवशी. लांब अंतराच्या दिवशी शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागली तर वेग उतरवायचा, अंतर नाही. आणि पहिल्या महिन्यात २००० मीटरची वेळ लावून बघू का, असं कुणी विचारलंच, तर मी स्पष्ट नको म्हणते.