आग्रा रस्ता, शरणपूर आणि परत गेलेली मुले

१/
भिवंडीचा धामणकर नाका दिवसा क्वचितच शांत असतो. आसपासच्या यंत्रमागांची खडखड, सुताच्या गोण्या, कापडाच्या ताग्यांनी भरलेले टेम्पो, रिक्षांची गर्दी, यांखेरीज आता ठाण्याहून येणाऱ्या मेट्रोचे खांब. तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेली माणसे या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. दुरून आलेल्या माणसाला गाव कधी आपले म्हणते, हा प्रश्न या नाक्याला नवा नाही.

२/
भिवंडीचे भाग्य वाटेशी बांधलेले आहे. जुना मुंबई-आग्रा रस्ता ठाण्याहून भिवंडीत येतो आणि पुढे शहापूर, कसारा करत थळ घाटाने नाशिककडे चढतो. रेल्वेने १८६५ मध्ये हा घाट ओलांडला. त्यापूर्वी मुंबईहून नाशिकला जाण्याचा मुख्य मार्ग हाच होता. त्याच्या नाशिककडच्या टोकाला एकोणिसाव्या शतकात एक वसाहत उभी राहिली. बहुतेक नाशिककरांना आज ती केवळ रस्त्याच्या नावापुरती ठाऊक आहे : शरणपूर. या धाग्याची गोष्ट तेथे वाढलेल्या आफ्रिकी मुलांची आहे.

३/
महाराष्ट्र आणि आफ्रिका यांचे नाते मात्र शरणपूरपेक्षा फार जुने. हबशी किंवा सिद्दी म्हटले की इतिहासप्रेमींना दोन नावे आठवतात : जंजिरा आणि मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला अंबर अनेक बाजारांतून फिरत दख्खनेत पोचला आणि निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. भिवंडी-कल्याणचा मुलूखही त्या काळी निजामशाहीतच होता.

४/
अंबराने १६१० मध्ये खडकी वसवली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याने शहरासाठी नहर खोदवली, महसुलाची घडी बसवली, आणि १६२४ मध्ये भातवडीच्या रणात मोगल-आदिलशाही फौजांना धूळ चारली. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. खुलदाबादला त्याची कबर आहे. इतिहासाने त्याला विसरणे शक्यच नव्हते, कारण त्याच्या हाती तलवार होती आणि दौलत होती. ज्यांच्या हाती दोन्ही नव्हते, त्यांचे काय झाले?

५/
एकोणिसाव्या शतकातही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसांनी भरलेली गलबते अरबस्तान आणि इराणी आखाताकडे निघत. भारतात १८४३ च्या कायद्याने गुलामीला मिळणारे न्यायालयीन पाठबळ संपले. समुद्रावरचा व्यापार मात्र चालूच राहिला. गस्तीच्या जहाजांनी अशी गलबते पकडली की सुटलेल्या माणसांना एडनला किंवा मुंबईला उतरवले जाई. त्यांत लहान मुले पुष्कळ. त्यांचे गाव कोठे, आईबाप कोण, हे सांगण्याइतकी भाषाही मुंबईत कोणाशी जुळत नसे.

६/
यांतील अनेक मुले पुढे नाशिकला आली. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात शरणपूर वसवले होते. तेथेच आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालू लागला. लेखन-वाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकवले जात. बाप्तिस्म्याबरोबर मुलांना इंग्रजी नावे मिळाली. चेंगविंबे नावाच्या मुलाचा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. आश्रय मिळाला, पण आईने ठेवलेले नाव मागे राहिले. या गोष्टीच्या दोन्ही बाजू एकत्रच वाचाव्या लागतात.

७/
१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशिकला आला. आफ्रिकेच्या अंतर्भागातील शोधमोहिमेसाठी त्याला माणसे हवी होती. जानेवारी १८६६ मध्ये त्याने मुंबई सोडली, तेव्हा शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर होते. काही वाटेत त्याला सोडून गेले, काही टिकले. पुढे १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीला धाडलेल्या तुकडीतही नाशिकचे तरुण होते. जेकब वेनराइट त्यांतलाच एक.

८/
मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. आता काय करायचे, हा निर्णय त्याच्या आफ्रिकी सोबत्यांना घ्यावा लागला. चुमा आणि सुसी या दोघांनी पुढाकार घेतला. या दोघांनीही मुंबईत काही काळ काढला होता. सोबत्यांनी काळीज तेथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मजकूर कोरला. मग देह उन्हात वाळवून किनाऱ्याकडे न्यायचे ठरले.

९/
वाटेत प्रेताला विरोध होई. तेव्हा त्यांनी देह व्यापारी मालासारखा, कापडाच्या गाठोड्याच्या रूपात बांधला. धामणकर नाक्यावर रोज शेकडो गठ्ठे चढतात-उतरतात. तसल्याच एका गठ्ठ्याच्या वेषात तो प्रवास झाला. मध्येच एका इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो नाकारला. सुमारे नऊ महिने चालून, दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडून, फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले.

१०/
जेकब देहाबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनचा दफनविधी झाला. शवपेटीच्या मानकऱ्यांत आठ जण होते. सात गोरे आणि आठवा शरणपूरला शिकलेला जेकब. त्या काळच्या वर्णनांत त्याला आणि त्याच्या सोबत्यांना ‘इमानी नोकर’ म्हटले गेले. परंतु मालक मेल्यावर आज्ञा देणारा कोणी उरत नाही. त्यानंतर जे केले जाते, त्याला चाकरी म्हणत नाहीत. ते नेतृत्व असते.

११/
जेकबचे नाव निदान लंडनच्या वृत्तपत्रांत आले. विल्यम जोन्सचे काम त्याहून मोठे, आणि त्याहून कमी परिचित. लहानपणी पकडला गेलेला, नाशिकला लोहारकाम शिकलेला हा तरुण १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या रबाई येथे गेलेल्या पहिल्या तुकडीत होता. इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड त्याचे सोबती. ज्या किनाऱ्यावरून माणसे विकली जात, त्याच किनाऱ्यावर ते शिक्षक आणि कारागीर म्हणून उतरले.

१२/
१८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार मान्य केला. त्यासाठी वाटाघाटी करणारे बार्टल फ्रिअर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटका झालेल्यांसाठी फ्रिअरटाउन वसले, आणि ते उभारण्यासाठी प्राइस यांच्याबरोबर नाशिकचे आफ्रिकी लोक गेले. शरणपूरचा आश्रम मिटला. त्याचे काम समुद्रापलीकडे सुरू राहिले. ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ हे नाव या लोकांना तेथेच चिकटले. भारतात आफ्रिकी ठरलेली माणसे आफ्रिकेत मुंबईची ठरली.

१३/
तेथेही मान सहज मिळाला नाही. गोऱ्या मिशनऱ्यांच्या तुलनेत पगार कमी, स्थान दुय्यम. त्याविरुद्ध त्यांनी तक्रारी केल्या. १८८५ मध्ये जोन्स आणि सेम्लर यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा मागे थांबलेल्या काफिल्याला जोन्सने सुखरूप रबाईला परत आणले.

१४/
जोन्सच्या रबाईत आसपासच्या मळ्यांतून पळून आलेले गुलाम आश्रय घेत. मालक माणसे परत मागत. वसाहतीवर हल्ल्याची भीती असे. तरीही रबाईची दारे मिटली नाहीत. अखेर ब्रिटिश कंपनीने मालकांना मोबदला दिला आणि १८८९ च्या आरंभी १,४०० हून अधिक माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले. एकेकाळी स्वतः माल म्हणून मोजल्या गेलेल्या माणसाच्या दाराशी इतक्यांनी विश्वासाने धाव घेतली होती. यापेक्षा मोठी मानवंदना कोणत्या दरबारात मिळते?

१५/
मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासात मरण पावला. लिव्हिंग्स्टनचा देह किनाऱ्याला आणणाऱ्यांपैकी तो अखेरचा हयात साक्षीदार मानला जातो. किनाऱ्यावर या लोकांच्या वंशजांची घरे पुढेही राहिली. इकडे मात्र मराठी पाठ्यपुस्तकांतून लिव्हिंग्स्टन भेटतो, शरणपूरचा जेकब क्वचितच.

१६/
मलिक अंबराचे मोठेपण मान्य करण्यासाठी जेकब आणि जोन्स यांना विसरावे लागत नाही. एकाने राज्य सांभाळले. दुसऱ्यांनी परक्याचा देह घरी पोचवला, पळून आलेल्यांना दार उघडले. महाराष्ट्राच्या इतिहासात आफ्रिकी माणसे केवळ सरदार म्हणून आली नाहीत. ती अनाथ मुले म्हणूनही आली, येथे शिकली, आणि शिकलेले घेऊन परतली.

१७/
पुढच्या वेळी नाशिकच्या शरणपूर रोडवर सिग्नलला थांबावे लागले, तर त्या पाटीवरचा पहिला शब्द सावकाश वाचावा. ज्यांना येथे शरण मिळाली, त्यांनीच समुद्रापलीकडे इतरांना शरण दिली. नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत : जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड. आणि चेंगविंबे; त्याचे आईने ठेवलेले नाव निदान एवढ्यापुरते तरी आधी उच्चारावे.