पहिला वाचक कोण?

विज्ञानविषयक नियतकालिकात ‘उद्दिष्टे आणि व्याप्ती’ असा एक मजकूर छापलेला असतो. लेख पाठवणाराही तो ओलांडून थेट शब्दमर्यादेकडे आणि शुल्काकडे जातो. मला मात्र तो वाचायची खोड आहे.

‘नेचर’चंच घ्या. ४ नोव्हेंबर १८६९ ला लंडनमध्ये पहिला अंक निघाला, तेव्हा संपादक नॉर्मन लॉक्यर सरकारच्या युद्ध खात्यात कारकुनी करत होते. खगोलशास्त्र हा फावल्या वेळचा उद्योग. सुरुवातीचा लेख जीवशास्त्रज्ञ हक्सलींचा, आणि त्यात निसर्गाविषयी जर्मन कवी गटेच्या नावावरची वचनं! अंकाची उद्दिष्टं दोनच होती. आधी सामान्य वाचकापुढे विज्ञानाची मोठी फळं ठेवायची, मग शास्त्रज्ञांना एकमेकांच्या कामाची खबर लवकर द्यायची. क्रम लक्षात घ्या.

पुढे झालं उलटंच. पत्रव्यवहाराच्या पानांवर शास्त्रज्ञांचीच गर्दी झाली. आपला शोध जगाला चटकन कळवायला तीच जागा सोयीची. ‘रामन परिणामा’बद्दल रामन यांनी १९२८ मध्ये आणि न्यूट्रॉनबद्दल चॅडविक यांनी १९३२ मध्ये तिथेच कळवलं. अखेर २००० साली उद्दिष्टं नव्यानं लिहिली गेली, तेव्हा शास्त्रज्ञ पहिले आले आणि जनता दुसरी. मला हा बदल खटकत नाही. निदान वागणं आणि छापणं जुळलं.

२००६ मध्ये आलेल्या ‘प्लॉस वन’ या नियतकालिकानं आणखी वेगळी वाट धरली. संशोधन महत्त्वाचं आहे का, हे आम्ही ठरवणार नाही. पद्धत चोख आहे का, एवढंच पाहू. विषयाला अटकाव जवळजवळ नाही, पण चाळणी कशाची, ते स्पष्ट.

आपल्याकडच्या महाविद्यालयीन ‘बहुविद्याशाखीय’ नियतकालिकांत मात्र भौतिकशास्त्रापासून गृहविज्ञानापर्यंत विषयांची यादी असते आणि शेवटी ‘इत्यादी’. त्या ‘इत्यादी’त सगळं मावतं, म्हणून परत काही पाठवावं लागत नाही. अशाच एका नियतकालिकाच्या संपादक मंडळाच्या बैठकीत मी विचारलं, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकानं यातला सांख्यिकीचा लेख का वाचावा? एक जण म्हणाले, “सर, वाचणार कोण? पदोन्नतीला लागतो.” निदान हे उत्तर प्रामाणिक होतं. उद्दिष्टांत तेवढंच छापायचं राहिलं.