दगडावरची काळी फुली

माझं मानधन मी कधी हातात घेतलेलंच नाही. स्क्रीनवर आकडा येतो, ईएमआयला जातो. म्हणूनच पॅसिफिकमधल्या याप बेटाचा दगडी पैसा मला मुळीच वेडगळ वाटला नाही.

हा पैसा म्हणजे ‘राई’, मधोमध भोक असलेली दगडी चाकं. काही चक्क माणसापेक्षा उंच! ४०० हून जास्त किलोमीटरवरच्या पलाऊमधून होड्यांनी आणलेली. व्यवहार झाला तरी दगड जागीच, मालक तेवढा बदलायचा. एका कुटुंबाचा दगड तर समुद्रात बुडालेला. तरी ते श्रीमंतच. गावाला ठाऊक होतं ना!

१८९९ मध्ये जर्मनीने स्पेनकडून ही बेटं विकत घेतली. (बेटकऱ्यांना विचारतंय कोण?) साहेबांना रस्ते दुरुस्त करून हवे होते, लोक ढिम्म. मग दंड म्हणून मोठमोठ्या दगडांवर काळी फुली मारली: आता हे सरकारजमा! अमेरिकन अभ्यासक विल्यम फर्नेस यांनी १९१० च्या पुस्तकात हा किस्सा दिलाय. मला आधी हसू आलं, मग राग. बंदूक नको, तिजोरी नको. लोकांचा आपसातला भरवसाच साहेबाने वेठीला धरला. रस्ते झाले, फुल्या पुसल्या.

आज यापमध्ये बाजारहाट डॉलरवर चालतो. लग्नासारख्या मानाच्या देवघेवीला मात्र अजून राईच लागते.