मिनिटाला अठरा

३ जुलै
नाइट संपवून मेमूने कोसाडला परतत होते. गाडी तापीच्या पुलावर, तेव्हा इन-चार्ज सिस्टरचा फोन. सहा नंबरचे काका गेले.

४ जुलै
टीपीआर चार्ट पाहिला. श्वासाचा रकाना: १८, १८, १८, १८. दोन दिवस तेच. अक्षरं वेगवेगळी, आकडा एक. शेवटचे दोन माझे.
मोजले नव्हते.

५ जुलै
झोप नाही. हे लूमच्या खात्यावरून आले, कानात अजून खटका. जेवण वाढलं, बोलले नाही.

७ जुलै
माळ्यावरून ट्रेनिंगची वही काढली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा तक्ता, २०१२ चा, २०१७ मध्ये सुधारलेला. न्यूज म्हणतात. श्वास २१ झाले की २ गुण, २५ ला ३. एकूण ५ झाले की डॉक्टरांना लगेच बोलवा. ७ म्हणजे आणीबाणी. शुद्धीत नवा गोंधळ दिसला तर त्याचेच ३.
त्या रात्री काका मुलाला भाऊ समजून हाक मारत होते. आम्ही हसलो होतो. मुलगाही हसला होता.

९ जुलै
अमरोलीतून सेकंदकाट्याचं घड्याळ घेतलं. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी ऑक्सिमीटर दाखवतो. श्वासासाठी मात्र पूर्ण मिनिटभर उभं राहावं लागतं. खाटा २८, रात्री आम्ही दोघी.
मनगट धरून ठेवायचं, नाडी बघतोय असं वाटू द्यायचं. श्वास मोजतोय कळलं की माणूस श्वासाची लय बदलतो.

१० जुलै
सगळ्या २८ जणांचे मोजले. पाऊण तास गेला. जोडीदारीण म्हणाली, परीक्षा आहे का?

१९ जुलै
पाऊस थांबत नाही. १४ नंबरला नवा पेशंट, ओलपाडकडे भाताच्या लावणीला आलेला, मूळ नंदुरबारकडचा. ताप, डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या की ओरडतो. सर म्हणाले, लेप्टोस्पायरोसिस धरून चला. आठवड्याची डॉक्सीसायक्लिन आरोग्यवाल्यांनी दिली होती. पोटात आग पडते म्हणून घेतली नाही. गोळ्या खिशातच, ओल्या झालेल्या.

२१ जुलै
ताप उतरतोय. सकाळच्या राऊंडला 'बरा आहे' लिहिलं गेलं. श्वास २०. लघवी कमी.

२२ जुलै, रात्र
१२ वाजता १४ नंबरचे श्वास २२. सरांना कळवलं. लक्ष ठेवा म्हणाले.
दीडला त्याची बायको टेबलाशी आली. "ताई, यासनं आज काही खरं नही." काय होतंय, ते तिला सांगता येईना. नुसती पदर पिळत उभी.
गेले. श्वास २६. सॅच्युरेशन ९४, नाडी ११६, वरचं बीपी १०४, ताप ३८.४. बेरीज ८. खोकला नवा, रुमालावर लाल.
फोन हातात घेतला तर जीभ कोरडी. मागे एकदा रात्री उठवलं म्हणून सगळ्या वॉर्डासमोर बोलणी खाल्ली होती. तेव्हा मी फक्त म्हटलं होतं, पेशंट बरा वाटत नाही.
आज कागदावर चार ओळी लिहून घेतल्या. कोण, आधी काय होतं, आता काय दिसतंय, मला काय हवंय. ही पद्धत म्हणे अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून दवाखान्यांत आली. चौथी ओळ सर्वांत अवघड: "सर, तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं."
पलीकडे शांतता. मग, "ऑक्सिजन लाव. आलो."

२३ जुलै
एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर डाग. पहाटे आयसीयूत हलवला. सर जाताना एवढंच म्हणाले, श्वास कोणी मोजले?

२४ जुलै
व्हेंटिलेटर.

२६ जुलै
उकाईतून पाणी सोडल्याची बातमी. पुलावर सगळे खिडकीशी. मी पाण्याकडे बघत होते आणि समोरच्या आजोबांचे श्वास मोजत होते. १६.

२९ जुलै
आयसीयूच्या पायरीवर त्याची बायको डबा खात बसली होती. चार दिवसांत पहिल्यांदा. नळी काढली म्हणाली. माझ्या हातावर शेवेचा चिमूटभर चुरा ठेवला.

३१ जुलै
११ नंबरच्या चार्टवर दुपारपाळीने १८ लिहिलेले. घड्याळ काढलं. मोजले. १८ च निघाले.
पुन्हा मोजले.